जाणकारांनी मान का फिरवली?

३ जून २०१७ रोजी पहाटे साडेपाचच्या सुमारास अॅलेक्स हॉनल्ड नावाचा गिर्यारोहक अमेरिकेतल्या योसेमिटी खोऱ्यात एल कॅपिटनच्या पायथ्याशी आला आणि चढू लागला. भिंत ग्रॅनाइटची, जवळजवळ सरळसोट, सुमारे ३,००० फूट उंच. कमरेला पांढऱ्या पुडीची पिशवी, पायांत रबरी तळाचे घट्ट बूट. दोर नाही, हार्नेस नाही. ३ तास ५६ मिनिटांनी तो माथ्यावर होता. या चढाईवरच्या ‘फ्री सोलो’ या माहितीपटाला २०१९ मध्ये ऑस्कर मिळाले आणि आपल्याकडेही तो पुष्कळांनी पाहिला.

त्या माहितीपटातला एक माणूस डोक्यातून जात नाही. मायकी शेफर हा कॅमेरामन खाली दरीत लांब पल्ल्याची लेन्स लावून बसला होता. कठीण टप्पा आला, की तो कॅमेरा चालू ठेवायचा आणि स्वतः पाठ फिरवायचा. शेफर काही नवखा नव्हता. कड्यांवर वर्षानुवर्षे काढलेला, कसलेला प्रस्तरारोहक होता तो.

एरवी ज्याला एखादी गोष्ट कळते त्याची भीती कमी होते. इथे उलटेच दिसते. घरी बसून पाहणारा प्रेक्षक डोळे विस्फारून पाहत राहतो आणि ज्याला त्या कातळातली प्रत्येक पकड ठाऊक आहे त्याला पाहवत नाही. वसईहून रविवारी पहाटे कामणदुर्ग, टकमक किंवा अशेरीगडाकडे निघणाऱ्या ट्रेकर मंडळींनाही हे कोडे पडते. ते सोडवायचे तर कड्यावर शरीर कसे टिकते, दोर काय करतो आणि तो नसला की काय बदलते, हे क्रमाने पाहावे लागते.

कौतुक आणि धास्ती, एकाच दमात

हॉनल्डचे नाव गिर्यारोहकांच्या जगात गाजले ते २००८ मध्ये. त्या वर्षी १ एप्रिलला तो यूटा राज्यातल्या झायन इथला ‘मूनलाइट बट्रेस’ हा मोठा कडा दोराविना चढला. बातमी पसरली तेव्हा अनेक कसलेल्या गिर्यारोहकांना ती एप्रिल फूलची थाप वाटली. त्याच वर्षी तो योसेमिटीतल्या ‘हाफ डोम’वरही तसाच चढला, आणि माथ्याजवळच्या गुळगुळीत उतारावर त्याचे पाय अडखळले, मनात शंका दाटली. ती चढाई आपल्या हातून धड झाली नाही, आपण निभावून गेलो इतकेच, असे तो पुढे सांगत आला आहे.

२०१७ च्या चढाईनंतर टॉमी काल्डवेलने तिची तुलना माणसाच्या चंद्रावर उतरण्याशी केली. हा काल्डवेल म्हणजे एल कॅपिटनचीच ‘डॉन वॉल’ केविन जॉर्जसनसोबत २०१५ मध्ये दोराच्या संरक्षणात चढलेला गडी, आणि हॉनल्डच्या सरावातला जोडीदार. पण हाच काल्डवेल चढाईच्या आधी काळजीने व्याकूळ होता. प्रायोजकही बिचकत होते. २०१४ मध्ये ‘क्लिफ बार’ या कंपनीने हॉनल्ड, डीन पॉटर, स्टेफ डेव्हिस अशा काही जणांचे प्रायोजकत्व काढून घेतले, कारण दोराविना चढाईसारख्या जोखमीशी आपले नाव जोडलेले तिला नको होते. खुद्द चित्रण करणाऱ्यांना वेगळाच घोर लागला होता. आपल्या हातून एखादा खडा निसटला, कॅमेऱ्याकडे पाहून त्याचे लक्ष विचलित झाले, तर? म्हणून सर्वांत अवघड टप्प्यावर माणूस न ठेवता दुरून चालणारे कॅमेरे लावले गेले.

या सगळ्या प्रतिक्रियांमध्ये एक गोष्ट समान आहे. हॉनल्डच्या धैर्याबद्दल कोणीच शंका घेतली नाही. प्रत्येकाच्या मनात हिशेब चालू होता तो एखादी चूक होण्याच्या शक्यतेचा.

बोटे कशी धरतात, पाय कसे टिकतात

नवख्या माणसाला वाटते की कडा चढायला दंड हवेत. प्रत्यक्षात शरीराचे वजन शक्यतो पायांवर ठेवणे हीच चढाईतली मुख्य कला. बुटाच्या तळाचे मऊ रबर दाबाखाली कातळाच्या बारीक खडबडीतपणात शिरते आणि त्यातून घर्षण मिळते. उतार फार तीव्र नसेल तर हाताला काहीच पकड नसतानाही माणूस निव्वळ घर्षणावर उभा राहतो. मात्र त्यासाठी वजन थेट तळव्यावर पडावे लागते. भीतीने शरीर कातळाला चिकटवले, की पायावरचा दाब कमी होऊन पाय घसरतो. म्हणजे घाबरल्यावर जे करावेसे वाटते, नेमके तेच घात करते.

भिंत सरळ होत गेली की बोटांवर भार येतो. बोटांत वाकवणारे स्नायू नसतात, ते असतात कोपराखालच्या हातात. तिथून निघालेल्या कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारे चिवट पट्टे, मनगटातून बोटांच्या टोकाकडे जातात आणि वाटेत छोट्या वलयांमधून ओवलेल्या असतात. सायकलच्या ब्रेकची तार आवरणातून चाकापर्यंत जाते तसे. पकड घट्ट धरली की स्नायू फुगून आपल्याच रक्तवाहिन्या दाबतात, रक्तपुरवठा मंदावतो आणि हात जड, टणक होतात. गिर्यारोहक म्हणतात, हात भरून आले. हात भरले की इच्छाशक्ती कितीही असो, बोटे उघडू लागतात. म्हणून मोठ्या भिंतीवर चढणारा दर सोयीच्या जागी एकेक हात खाली सोडून झटकतो, रक्त परत वाहू देतो.

तिसरी गोष्ट घाम. कमरेच्या पिशवीतली पूड मॅग्नेशियम कार्बोनेटची असते आणि ती बोटांचा ओलावा शोषते. योसेमिटीच्या कोरड्या हवेत ती पुष्कळ वेळ काम देते. वसई-पालघरच्या दमट हवेत पूड लावून होते न होते तोच बोटे पुन्हा ओली होतात. सह्याद्रीतला चढाईचा हंगाम थंडीतला आणि वेळ शक्यतो सकाळची, यामागे हेही एक कारण आहे.

नवशिक्यांना तीन आधारांचा नियम शिकवतात. दोन हात, दोन पाय. एका वेळी एकच हलवायचा, बाकी तीन जागेवर. एल कॅपिटनवरच्या त्या सर्वांत अवघड टप्प्यावर हा नियम पाळताच येत नाही. तिथे हॉनल्डला अंगठ्याने जेमतेम दाबता येईल अशा बारीक उंचवट्यावर भार देऊन डावा पाय झोकात शेजारच्या कातळावर रोवावा लागला. सरावात, दोर बांधलेला असताना, त्या टप्प्यावरून तो पडलाही होता.

दोर वर ओढत नाही

दोर धरून माणूस वर जातो, ही समजूत फार पसरलेली आहे. मुक्त प्रस्तरारोहणात चढणारा हातापायांनीच चढतो आणि दोर फक्त पडल्यावर कामाला येतो. पुढे चढणारा गडी वाटेत भेगेत अडकवलेल्या साधनांतून किंवा बोल्टमधून दोर ओवत जातो, आणि खाली उभा असलेला जोडीदार तो दोर सोडत-रोखत राहतो, ज्याला बिले देणे म्हणतात. शेवटच्या आधारापासून २ मीटर वर गेलेला माणूस पडला तर तो आधार ओलांडून तेवढाच खाली येतो. साधारण ४ मीटर, वर दोराचा ताण. खरचटते, काळीज हलते आणि तो पुन्हा चढू लागतो.

यातली खरी करामत दोराच्या ताणण्यात आहे. चढाईचा दोर धक्का बसताच लांबतो आणि पडण्याची ऊर्जा हळूहळू शोषून घेतो. न ताणणारा दोर असेल तर पडणारा थांबेल, पण त्या झटक्यानेच कंबर मोडेल किंवा आधार उखडेल. आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण महासंघाच्या चाचणीत एकेरी दोरावर ८० किलोचे वजन मुद्दाम जोरात पाडतात. पहिल्या धक्क्यात बसणारा झटका १२ किलोन्यूटनच्या, म्हणजे साधारण १२०० किलो वजनाएवढ्या बलाच्या आत राहावा लागतो, आणि असे किमान ५ धक्के दोराने सोसावे लागतात.

दोरामुळे चूक परवडते. चढणारा शंभरदा पडून एकच टप्पा शिकू शकतो. दोर काढला की त्याच हालचाली, तोच कातळ, तेच बूट. बदलते एवढेच, की चुकीला दुसरी संधी उरत नाही.

उंची आणि वेळ

प्रेक्षकाला उंची घाबरवते. गिर्यारोहक उंचीकडे वेगळ्या नजरेने पाहतो. १० मीटरवरून पडणारा माणूस सुमारे दीड सेकंदात ताशी ५० किलोमीटरच्या वेगाने जमिनीवर आदळतो, आणि ३० मीटरवरून पडणारा अडीच सेकंदांत ताशी जवळजवळ ९० किलोमीटरने. त्यापुढे भिंत ३०० मीटरची असो की ९०० मीटरची, निकाल एकच. मोठ्या भिंतीचा धोका वेगळा असतो. तिथे तासन्‌तास, एकही चूक न करता, हालचालींमागून हालचाली कराव्या लागतात.

*चौकट : दोन हजार हालचालींचा हिशेब*

*एका मोठ्या भिंतीवर हातापायांच्या २,००० हालचाली कराव्या लागतात, असे उदाहरणापुरते धरू.*

*दर हालचालीला हजारात एक चूक होत असेल, तर माथ्यावर पोहोचण्याआधी पडण्याची शक्यता सुमारे ८६ टक्के.*

*दहा हजारांत एक चूक : सुमारे १८ टक्के.*

*दहा लाखांत एक चूक : सुमारे ०.२ टक्का, म्हणजे पाचशेत एक.*

*पाचशेत एकची जोखीम असलेली चढाई आयुष्यात ५० वेळा केली, तर कधीतरी पडण्याची शक्यता जवळजवळ दहात एक.*

शेफरने मान का फिरवली ते या आकड्यांवरून कळते. सामान्य प्रेक्षकाला समोर एकच माणूस दिसतो, आणि तो व्यवस्थित चढतो आहे. जाणकाराला प्रत्येक हालचालीत ती चुकण्याची शक्यताही दिसते, कारण तशीच हालचाल करताना तो स्वतः कित्येकदा दोरावर लटकला आहे. चौकटीतली शेवटची ओळ सर्वांत बोचरी. १९८१ मध्ये जॉन बाकर या अमेरिकन गिर्यारोहकाने, आपल्यामागून दिवसभर दोराविना चढून दाखवणाऱ्याला १०,००० डॉलर देऊ, असे जाहीर केले होते. आव्हान कोणी स्वीकारले नाही. त्या काळात त्याच्याइतका निष्णात, सावध माणूस सापडणे कठीण होते. ५ जुलै २००९ रोजी कॅलिफोर्नियात, आपल्या नेहमीच्या परिसरातल्या एका कड्यावर एकटा चढताना तो पडून मरण पावला.

भीती गेली कुठे?

हॉनल्डच्या मेंदूची चाचणीही झाली आहे. जेन जोसेफ या मेंदूशास्त्रज्ञ महिलेने त्याला एमआरआय यंत्रात ठेवून विचलित करणारी छायाचित्रे दाखवली. इतरांमध्ये अशा वेळी मेंदूतला अमिग्डाला हा बदामाएवढा भाग चेतवला जातो, धोक्याची घंटा तोच वाजवतो. हॉनल्डचा जवळजवळ शांत राहिला. हे जन्मजात की घडवलेले, हे एका चाचणीवरून ठरत नाही. पण यंत्रात पडून चित्रे पाहणे वेगळे आणि कड्यावर असणे वेगळे. नोव्हेंबर २०१६ मध्ये त्याने एल कॅपिटनची दोराविना चढाई खरोखरच सुरू केली होती. काही टप्पे गेल्यावर, जिथे निव्वळ घर्षणावर उभे राहावे लागते त्या गुळगुळीत उतारावर, त्याला आपल्या पायाचा भरवसा वाटेना. तो मागे फिरला.

त्या चढाईतले सर्वांत कठीण काम हेच होते, असे म्हणावेसे वाटते. कॅमेरे लागलेले, साथीदार जागोजागी लटकलेले, आणि तरी ‘आज नाही’ म्हणणे. त्यानंतरचे महिने त्याने पुन्हा दोरावर काढले. प्रत्येक टप्प्यावर कोणता पाय कुठे, कोणते बोट कसे, हे वहीत लिहून काढले, घोकले, मनातल्या मनात चढून पाहिले. चौकटीतल्या हिशेबात सांगायचे तर तो प्रत्येक हालचालीतली चूक हजारात एकवरून दहा लाखांत एककडे नेत होता. आणि सराव करताना वाटेवरचे सुटे दगड पाठपिशवीत भरून त्याने तिथून हटवले. हा शेवटचा तपशील सह्याद्रीतल्या माणसाने नीट वाचण्यासारखा आहे.

आपला कातळ

एल कॅपिटनचा ग्रॅनाइट जमिनीखाली सावकाश थंड झाला, त्याचे स्फटिक एकमेकांत घट्ट गुंतले आणि नंतर हिमनद्यांनी तो घासून काढला. सह्याद्रीचा बेसॉल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरांवर थर साचून झाला. काही थर लोखंडासारखे टणक, काहींत वायूच्या बुडबुड्यांची भोके, मधूनमधून लालसर, मातकट पट्टे. दर पावसाळ्यात पाणी भेगांत शिरते, गवताची मुळे त्या रुंदावतात आणि दिवाळीनंतर चढायला गेलेल्यांना गेल्या वर्षीची भक्कम पकड हलताना सापडते. कड्यावर उभा कातळ आणि मध्येच घसारा, म्हणजे मुरूम-गवताचा निसरडा उतार, हे इथले नेहमीचे. घसाऱ्यावर बुटाचे रबर काय करणार?

त्यामुळे इथल्या प्रस्तरारोहकाची पहिली सवय म्हणजे पकडीवर भार टाकण्याआधी ती तळहाताने ठोकून पाहणे. आवाज भरीव आला तर ठीक, पोकळ आला तर तो दगड सुटा समजायचा. पण ठोकून सगळे कळत नाही. हॉनल्डने सरावाने स्वतःची चूक दहा लाखांत एकवर आणली असे धरले, तरी दगडाची चूक सरावाने कमी होत नाही. तिथे सुटे दगड पिशवीत मावतील इतके होते. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा किंवा लिंगाण्याचा सुळका अशा पिशव्यांनी साफ होणार नाही.

हरिहर, कलावंतीण अशा किल्ल्यांवर शेकडो माणसे दोराविना चढतात, ते पूर्वजांनी कोरलेल्या पायऱ्यांच्या आणि हाताला धरायच्या खोबण्यांच्या जिवावर. तिथे चूक कमी करण्याचे काम छिन्नीने आधीच करून ठेवले आहे. जिथे तशी सोय नव्हती तिथली जुनी नोंद कोंढाण्याची. फेब्रुवारी १६७० मध्ये तानाजीने मावळ्यांसह ज्या रात्री या किल्ल्यावर हल्ला केला, त्या रात्रीबद्दलच्या पोवाड्यांमुळे घोरपडीला दोर बांधून कडा चढल्याची गोष्ट घरोघरी पोहोचली. सभासद बखरीत मात्र घोरपड नाही. बखर सांगते की तानाजीने दोन निवडक मावळे कड्यावरून चढवले, ते वानरासारखे वर गेले, त्यांनी वरून माळ म्हणजे दोराची शिडी लावली आणि मग तानाजीसह तीनशे माणूस त्यावरून चढले. दोराविना चढायची वेळ दोघांवरच आणली, आणि तेही पारखून घेतलेले. बाकीच्यांसाठी पहिले काम दोर लावण्याचे. आजच्या चढाई पथकाची रीत याहून फार वेगळी नाही.

चढणे सोपे, उतरणे अवघड

दोराविना चढाईवरचा वाद शंभर वर्षांहून जुना आहे. १९११ मध्ये ऑस्ट्रियाच्या पॉल प्रॉइसने युरोपातल्या गिर्यारोहकांसमोर एक कडक नियम मांडला. जिथून दोराविना खाली उतरता येणार नाही, तिथे वर जाऊच नये. खिळे ठोकून चढणाऱ्यांशी त्याचा मोठा वाद झाला. १९१३ मध्ये एकट्याने चढताना तो पडला आणि वयाच्या २७ व्या वर्षी गेला. त्याचा शेवट असा झाला तरी त्याच्या नियमातले शरीरशास्त्र पक्के आहे.

चढताना पुढची पकड डोळ्यांसमोर असते, आणि हाताने तपासलेल्या जागीच थोड्या वेळाने पाय येतो. उतरताना पाय आधी जातो, तोही डोळ्यांपासून पाच फूट खाली, आणि मध्ये स्वतःचेच गुडघे-पोट आड येते. वाकलेल्या एका पायावर सगळे वजन सावकाश खाली सोडावे लागते, ते थकल्या मांडीला जमत नाही. रायगडाचे दरवाजे बंद झाल्यावर तान्ह्या बाळासाठी रात्री कडा उतरून गेलेल्या हिरकणीची आख्यायिका प्रस्तरारोहकांना एवढी भिडते ती यासाठीच. ती चढली नाही, उतरली.

वसईत दोराविना चढाई सर्वांत जास्त कुठे होत असेल तर ती कामणजवळच्या चिंचोटीच्या आणि तुंगारेश्वरच्या ओढ्या-धबधब्यांवर, भर पावसाळ्यात. अपघातांमुळे तिथे जवळजवळ दर वर्षी मनाई आदेश निघतात. ओल्या बेसॉल्टवर शेवाळाचा थर बसतो. रबराला कातळाचा खडबडीतपणा मिळतच नाही आणि साध्या चपलेचे टणक तळ तर अजिबात धरत नाहीत. पंधरा-वीस फूट वर जाणे जमते, कारण हात पुढे दिसेल ते धरत जातात. मग मागे पाहिले की पाय कुठे ठेवला होता ते दिसत नाही. इथल्या गिर्यारोहकांना हॉनल्डपेक्षा त्या मुलांची धास्ती जास्त वाटते. हॉनल्डने आपल्या चुकीचा हिशेब मांडलेला होता.

असे कोणी अडकले, की बचावासाठी जाणारे पथक त्याला आधी ओरडून एवढेच सांगते : तोंड कातळाकडे कर, हलू नकोस, दोर वरून येतो आहे. दोर त्याच्या डोक्यावरून सरळ सोडत नाहीत, हातभर बाजूने सोडतात, कारण दोराच्या घासण्याने सुटणारे दगड त्याच्याच अंगावर येऊ शकतात. मग एक गडी त्या दोराने त्याच्याजवळ उतरतो, आधी त्याला स्वतःशी जोडून घेतो, हार्नेस चढवतो आणि त्यानंतरच कातळावरचे हात सोडायला सांगतो.